नारायण वामन टिळक
रेव्हरंड नारायण वामन टिळक (६ डिसेंबर, १८६१ : करजगाव, रत्नागिरी जिल्हा – ९ मे, १९१९ : मुंबई) हे मराठी कवी व ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. ते ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखले जातात.

== पूर्वायुष्य ==
टिळकांचा जन्म चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. नाशिक येथे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १८८० साली त्यांचा विवाह लक्ष्मीबाईंशी झाला. नागपूर व राजनांदगाव येथे त्यांनी काही काळ नोकरी केली.

== धर्मांतर ==
१८९३ मध्ये रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ वाचावयास दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते प्रभावित झाले. १० फेब्रुवारी, १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामुळे ते ज्ञाती व आप्तेष्टांना दुरावले. लक्ष्मीबाई मुलासह पंढरपूर येथे नातेवाइकांकडे राहिल्या आणि पतिपत्नींना सुमारे पाच वर्षे वेगळे राहावे लागले. या काळातील मनःस्तापाचे वर्णन लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आढळते. पुढे त्या अहमदनगरला टिळकांकडे आल्या व १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

== अहमदनगर येथील कार्य ==
अहमदनगर येथे टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत होते. तेथील ईश्वरविद्यालयात ते अध्यापन करीत. ‘ज्ञानोदय’ नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले. ख्रिस्ती उपासना परकीय वळणाची राहू नये, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी भजन व कीर्तन हे प्रकार ख्रिस्ती समाजात रुजविले आणि शेकडो पदे व अभंग रचले. मराठी चर्चमध्ये त्यांची पदे आजही गायिली जातात.

== मिशनचा त्याग ==
ख्रिस्ताचा शिष्य मिशनच्या आश्रयावर व वेतनावर अवलंबून असू नये, असे टिळकांचे मत होत गेले. १९१७ साली त्यांनी मिशनची सेवा सोडली, संन्यासवृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तशिष्यांची बंधुता सुरू केली. तिच्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, अशा दोघांनाही प्रवेश होता. पहिल्या त्यागाने ते हिंदू समाजाला दुरावले होते. दुसऱ्याने मिशनमधील सुरक्षित स्थान गेले. मात्र दोन्ही प्रसंगी त्यांच्या दृष्टीने हा श्रद्धेचाच भाग होता. लवकरच त्यांचे निधन झाल्यामुळे दरबाराचे कार्य फारसे विस्तारू शकले नाही.

== साहित्य ==
‘वनवासी फूल’ हे खंडकाव्य व ‘अभंगांजली’ हा संग्रह प्रसिद्ध आहे. ख्रिस्तचरित्रपर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या निधनामुळे अपूर्ण राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.