गणिती जाक आदामार

नवरात्रांत तुळजापुरास लोटणारी गर्दी आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे. तेथें एकाच वेळीं सहस्रावधि लोक भ्रमणध्वनीवरून बोलतात. तरी एकाचा बोल दुसऱ्याच्या बोलांत मिसळत नाहीं. हें साधण्याच्या एका युक्तीशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे, त्या फ्रेंच गणितज्ञांचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

जाक आदामार ह्यांचा जन्म ८ डिसेंबर १८६५ रोजीं व्हर्साय येथें झाला. बालपणीं त्यांस अंकगणित साधत नसे. गणिताचा तास नकोसा वाटणाऱ्या आमच्या मित्रांनीं हें अवश्य वाचावें! पुढें १८८४ सालीं पॅरिसच्या दोन अग्रगण्य विद्यालयांच्या प्रवेशपरीक्षांत तेच पहिले आले.

१८९३ सालीं त्यांनीं एक प्रश्न सोडविला. चौकटींतील कोणताही अंक एकाहून मोठा नसेल, तर तिच्या निश्चयकाचें मूल्य फार तर किती होईल? केवळ अधिक एक व उणें एक ह्यांनीं भरलेल्या कांहीं चौकटी ही सीमा गांठतात. तशा चौकटी सिल्व्हेस्टर ह्यांनीं १८६७ सालींच मांडिल्या होत्या. नांव मात्र आदामार ह्यांचें राहिलें. एक ओळ घ्या, + + − −. दुसरी, + − + −. समोरासमोरचीं चिन्हें गुणून बेरीज केली असतां शून्य येतें. प्रत्येक बोलणाऱ्यास अशी निराळी ओळ देऊन त्याचा संदेश तिच्या चिन्हांनीं अनेक वाहक लहरींवर पसरला, तर ऐकणारा त्याच ओळीनें पुन्हा गुणून तो वेगळा काढतो. इमारतींवरून परतलेल्या लाटांमुळें एखादी लहर क्षीण झाली, तरी उरलेल्या लहरी संदेश पोंचवितात. झीज विषम झाली म्हणजे मात्र बेरीज नेमकी शून्य राहत नाहीं, इतरांची कुजबूज उरते. तिचें निवारण हेंच यंत्रज्ञांचें खरें कष्टाचें काम. अनेक लहरींची ही रीत १९९३ सालीं पुढें आली. सुरुवातीच्या सीडीएमए भ्रमणध्वनींत एकाच लहरीवर चौसष्ट ओळींची चौकट वापरीत. मुंबई विद्यापीठांत पुढें अध्यापन केलेले शरच्चंद्र श्रीखंडे ह्यांनीं राजचंद्र बोस ह्यांच्यासह १९५९ सालीं ह्याच चौकटींचा संकेतरचनेशीं संबंध दाखविला होता.

आदामार ह्यांचे दोन पुत्र पहिल्या महायुद्धांत पडले. तरी कोलेज द फ्रान्समधील त्यांची गणितचर्चा १९३७ पर्यंत चालली. पुढील महायुद्धांत त्यांस देश सोडून अमेरिकेस जावें लागलें, आणि १९४४ सालीं तिसरा पुत्रही रणांत गेला. १७ ऑक्टोबर १९६३ रोजीं ते पॅरिसमध्यें वारले. त्या दिवशीं खिशांतला भ्रमणध्वनि जगांत कोठेंही नव्हता.