भूल, मेंदूची गाठ आणि डॉ. पेनफिल्ड यांची बहीण

वाडीच्या दवाखान्यात मेंदूच्या गाठीचे ऑपरेशन झालेल्या रुग्णाचे नातेवाईक येतात तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतात: आई आधीसारखी राहिली नाही, हे भुलीमुळे झालं का? यावर डॉ. वाइल्डर पेनफिल्ड यांच्या आयुष्यातली हकीकत सांगावीशी वाटते.

पेनफिल्ड यांचा जन्म १८९१ चा, अमेरिकेतला. १९२८ मध्ये ते कॅनडातील मॉन्ट्रियलला मेंदूचे सर्जन म्हणून गेले आणि त्याच डिसेंबरात सख्खी बहीण रूथ त्यांची रुग्ण झाली. सहा मुलांची आई, फिट्सचा त्रास खूप जुना. मेंदूच्या पुढच्या भागात, उजवीकडे मोठी गाठ होती. स्वतःच्या बहिणीचे ऑपरेशन आज बहुतेक सर्जन टाळतील; पेनफिल्ड यांनी ते केले. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून पूर्ण भूल न देता डोक्याची कातडी बधिर केली. गाठीबरोबर मेंदूचा बराच भाग काढावा लागला.

रूथ घरी गेली, बोलणे-वागणे ठीक होते. सुमारे पंधरा महिन्यांनी भाऊ तिच्याकडे जेवायला गेला. स्वयंपाकघरात सामान मांडलेले, एखादा पदार्थ चुलीवर, बाकी काहीच तयार नाही आणि रूथ गोंधळून उभी. एकेक काम तिला येत होते. आधी काय, नंतर काय, हे जुळत नव्हते. यात भुलीचा दोष नव्हता. गाठ पुन्हा वाढली आणि १९३१ मध्ये ती वारली.

पूर्ण भुलीत मेंदूच्या पुढच्या-मागच्या भागांतला संवाद तात्पुरता तुटतो. औषध उतरले की तो परत जुळतो. गाठीने या जोडण्या आधीच बिघडवलेल्या असतात, त्यामुळे काही दिवस, वयस्करांत त्याहूनही जास्त काळ, गोंधळ राहू शकतो. महिनोन्महिने टिकणाऱ्या बदलामागे मात्र गाठ, ऑपरेशन, फिट्स, त्यांची औषधे किंवा रेडिएशन आहे का, हे आधी पाहावे लागते.

पेनफिल्ड यांनी पुढे जागेपणी ऑपरेशन करत मेंदूचे नकाशे तयार केले. १९७६ मध्ये ते वारले. बोलण्याच्या केंद्राजवळ गाठ असली तर मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही रुग्णाला जागे ठेवून ऑपरेशन करतात.

तपासणीला याल तेव्हा फक्त 'विसरतात' एवढेच सांगू नका. वरण-भात-पोळीचा स्वयंपाक पूर्वीच्या क्रमाने होतो का, दुकानाचा हिशोब जमतो का, तेही डॉक्टरांना सांगा.