रविवारचा रस्सा आणि खाँसाहेबांची न झालेली रेकॉर्ड

रविवारी सकाळी कोल्हापुरात मटणाच्या दुकानासमोर रांग लागते आणि त्या रांगेत पिशवी घेऊन मीही उभा असतो. बँकेच्या नोकरीत बदल्यांच्या गावी हा नेम चुकला असेल तेवढाच. घरी आले की दोन गोष्टी एकदम सुरू होतात. स्वयंपाकघरात गॅसवर पातेले चढते आणि बाहेरच्या खोलीत रेकॉर्ड प्लेअर लागतो. कोणत्या पातेल्याला कोणता राग, हे आमच्या घरात ठरलेले आहे. ते माझ्या पत्नीने ठरवले होते. ती गेल्याला सहा वर्षे झाली. स्वयंपाक माझ्याकडे आला, रागांची यादी तशीच राहिली. आता त्या यादीत चौदा वर्षांच्या नातीचाही वाटा आहे. एक रेकॉर्ड माझी, एक तिची, असा आमचा करार.

या कराराप्रमाणे मी मल्लिकार्जुन मन्सूर लावतो, किशोरीताई लावतो, केसरबाई लावतो, आणि दर वेळी बोलत बोलत अल्लादियाखाँसाहेबांच्या नावापाशी येऊन थांबतो. एका रविवारी नातीने अगदी सरळ प्रश्न केला. सगळे ज्यांच्याकडून आले त्यांचीच रेकॉर्ड आजोबा का लावत नाहीत? मी म्हणालो, त्यांची रेकॉर्डच नाही. तिचा विश्वास बसेना. माणूस १९४६ पर्यंत हयात होता, एवढा मोठा गवई होता, आणि त्याचा आवाज कुठेच नाही? त्या दिवशी कांदा चिरता चिरता मी तिला खाँसाहेबांची गोष्ट सांगितली. तीच आज इथे सांगतो.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ सालचा, जयपूर संस्थानाच्या अंमलाखालील उनियारा या लहान गावचा. पाळण्यातले नाव गुलाम अहमद. पण देवाने दिलेला म्हणून अल्लादिया हेच नाव रूढ झाले. घराण्याचे मूळ गाव अलीगढजवळचे अत्रौली. म्हणूनच या गायकीला जयपूर-अत्रौली असे जोडनाव आहे. वडील ख्वाजा अहमदखाँ लवकर गेले आणि मुलाची तालीम काका जहांगीरखाँ यांच्याकडे आली. ही तालीम ध्रुपदाची, आणि वर्षानुवर्षांची. ख्याल नंतर आला. आधी पाया भरायचा, भिंती मागाहून, अशी ती पद्धत.

आमच्या घरी या टप्प्याला अळणीचे पातेले असते. मटणाला आले-लसूण आणि मीठ लावून, भरपूर पाणी घालून मंद आचेवर ठेवायचे. पांढरा रस्सा करायचा असेल तर हळद नाही. या वेळी मन्सूरांची तोडी. पत्नीचे म्हणणे असे की अळणीला घाई केली की पुढचे दोन्ही रस्से फसतात, आणि तोडीलाही घाई चालत नाही. गंमत म्हणून ठरवलेली ही जोडी मला अजून मोडावीशी वाटलेली नाही.

तालीम झाली, नाव होऊ लागले आणि ऐन उमेदीत खाँसाहेबांवर गवयाला मरणापेक्षा अवघड वाटावे असे संकट आले. माळव्यातल्या आमलेटा या लहानशा संस्थानचा अधिपती गाण्याचा भलताच शौकीन. त्याच्या हौसेपायी खाँसाहेब दिवसामागून दिवस तासन् तास गात राहिले, आणि आवाज बसला. साधा नव्हे, कायमचाच गेला की काय असा. पुन्हा गाता येऊ लागायला फार काळ लागला. परत आला तो आवाजही पहिला नव्हता. पूर्वीचा गोडवा आणि हलकेपणा गेला होता.

इथे दुसरा कोणी असता तर शिकवण्या धरून बसला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला साजेल अशी गायकीच नव्याने घडवली. तरुणपणी ऐकलेल्या मुबारक अलीखाँ यांच्या वळणदार तानांचा ठसा मनावर होताच. आवाजाच्या गोडीवर भिस्त ठेवता येत नव्हती, म्हणून सगळा भार त्यांनी स्वरांच्या गुंफणीवर आणि लयीवर टाकला. खुला आकार, लांब दमसास, पेचदार तान, आणि हे सारे तबल्याच्या मात्रेला धरून. मात्रांच्या मधल्या बारीक जागासुद्धा स्वरांनी भरून काढत समेवर यायचे. ऐकणाऱ्याला वाटते, गाणे एका श्वासात चालले आहे. हिशेब मात्र पैशा-पैशाचा. चाळीस वर्षे खातेवह्या पाहिलेल्या मला या हिशेबाचे फार कौतुक वाटते.

१८९५ च्या सुमारास खाँसाहेब कोल्हापुरात आले. वय चाळिशीचे. शाहू महाराजांच्या हाती राज्याचा पूर्ण कारभार येऊन वर्षभर झाले होते. कुस्ती, नाटक, चित्रकला आणि गाणे यांना या गावात पुढे जे दिवस आले ते महाराजांमुळे, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. खाँसाहेब दरबारगायक झाले आणि १९२२ मध्ये महाराजांचे निधन होईपर्यंत इथेच राहिले. म्हणजे आयुष्यातली सुमारे सत्तावीस वर्षे. बंधू हैदरखाँही इथे होते. नसिरुद्दीन, मंजीखाँ आणि भुर्जीखाँ ही तीन मुले. मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांनी गायकी पुढे नेली. याच गावचे गोविंदराव टेंबे यांनी पुढे खाँसाहेबांचे चरित्र लिहिले. भास्करबुवा बखल्यांसारखा, आधीच दोन उस्तादांकडे शिकून तयार झालेला गवई खाँसाहेबांचे शिष्यत्व पत्करतो, यावरून या गायकीचे वजन कळावे.

आणि राग! नट-कामोद, बसंती-केदार, संपूर्ण मालकंस, बिहारी, खट, सावनी अशी नावे या घराण्याच्या मैफलीत निघतात. काही राग जुने, विसरले गेलेले. काही दोन रागांच्या जोडणीतून उभे केलेले. अशा रागांना आपल्याकडे अनवट हा सुंदर शब्द आहे. जोडराग गाताना थोडा हा, थोडा तो, असे करून भागत नाही. सांधा दिसता कामा नये.

सांधा दिसू न देणे म्हणजे काय, ते पांढऱ्या रश्श्याने शिकवावे. तांबड्या रश्श्याचे रूप पाहताक्षणी कळते. कांदा-लसूण मसाला, भाजलेले सुके खोबरे, वर कट. पांढरा दिसायला बापडा, पण त्यात खसखस, तीळ, काजू, मगजबी, ओल्या नारळाचे दूध, आणि दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी यांची फोडणी. यातले एकही जिभेला वेगळे लागले तर रस्सा बिघडला म्हणायचे. नारळाचे दूध घातल्यावर आच मंद, हात सारखा ढवळता, आणि जोराची उकळी येऊ द्यायची नाही. नाहीतर दूध फाटते. या वेळी किशोरीताईंची जौनपुरी. सकाळच्या उतरत्या प्रहराचा राग, अकराच्या उन्हाला शोभणारा. रेकॉर्डची एक बाजू संपते तेव्हा रस्साही उतरवायला आलेला असतो.

तांबडा रस्सा मात्र नातीच्या वाट्याला गेला आहे. त्या वेळी तिची रेकॉर्ड. तिने पहिल्यांदा ‘इंडियन ओशन’ या बँडची ‘कंदिसा’ लावली तेव्हा गिटार आणि ड्रम ऐकून मी पळी ठेवून बाहेर जाणार होतो. पण करार तो करार. चौथ्या-पाचव्या रविवारी कान बसला. त्या अल्बमचे नाव ज्या गाण्यावरून आले ते केरळातल्या ख्रिस्ती परंपरेतले, सीरियाक भाषेतले जुने स्तोत्र आहे, हे तिनेच मला सांगितले. परंपरेतले विसरलेले काही उचलावे आणि आपल्या आवाजात नव्याने बांधावे, एवढ्यापुरती ही मुले मला खाँसाहेबांच्या वाटेवरची वाटली. तिला तसे सांगितल्यावर ती हसली, पण तेव्हापासून जौनपुरी चालू असताना फोन बाजूला ठेवू लागली.

आता मूळ प्रश्न. आपल्या देशात ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये सुरू झाले. खाँसाहेब तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्याहून धाकट्या अब्दुल करीमखाँसाहेबांच्या रेकॉर्ड निघाल्या, घरोघरी वाजल्या. खाँसाहेबांना त्यापुढे चव्वेचाळीस वर्षे मिळाली. तरी त्यांच्या गाण्याची एकही रेकॉर्ड नाही. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत विलंबित ख्याल बसवायचा कसा, हा प्रश्न खराच होता. विद्या जपून ठेवण्याची त्या काळच्या उस्तादांची वृत्तीही होती. तरुणपणी मला याचा राग येई. एवढे धन गाठीशी आणि वारसपत्र नाही, असे मला वाटे.

पण वारसपत्र होते; ते माणसांच्या गळ्यात लिहिलेले होते. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई लहानपणी आठव्या वर्षी कोल्हापुरात येऊन अब्दुल करीमखाँकडे काही महिने शिकल्या होत्या. १९२१ मध्ये त्यांनी अल्लादियाखाँसाहेबांचा गंडा बांधला आणि पुढे पुष्कळ वर्षे तालीम घेतली. मोगूबाई कुर्डीकर सांगलीत रियाज करीत असत. औषधोपचारासाठी तिथे आलेल्या खाँसाहेबांनी येता-जाता तो आवाज ऐकला आणि आपण होऊन शिकवायला बसले. खाँसाहेब मुंबईला गेल्यावर मोगूबाईही गेल्या. पुढे ही तालीम तुटली, हैदरखाँकडे चालली, तिथेही थांबली आणि १९३० नंतर पुन्हा खाँसाहेबांकडे जुळली. ही विद्या कोणालाही सहज मिळाली नाही. हट्ट, हेवेदावे, पैशाची अडचण, सगळे तिच्या वाटेत होते. खाँसाहेबांना मोठे म्हणताना हेही सांगायला हवे.

१९३७ मध्ये मंजीखाँ गेले. म्हाताऱ्या बापाने कर्त्या मुलाचे जाणे पाहिले. मंजीखाँकडे शिकत असलेले धारवाडचे मन्सूर मग भुर्जीखाँकडे शिकले. खाँसाहेबांनी आपल्या आयुष्याची कहाणी नातू अझिझुद्दीनखाँ यांना सांगितली, ती त्यांनी लिहून ठेवली. म्हणजे आठवणी लिहून द्यायला खाँसाहेबांची हरकत नव्हती. सूर मात्र समोर बसूनच घ्यायचे. १६ मार्च १९४६ रोजी, नव्वदी गाठून, मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

यातले एक टोक सांगितल्यावर नातीचे डोळे मोठे झाले. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांवर पृथ्वीवरच्या संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे आणि तीत भारतातर्फे केसरबाईंची भैरवी आहे. पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबरला निघाले. त्यानंतर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या. २०१२ मध्ये ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. रेकॉर्ड न ठेवलेल्या माणसाची तालीम रेकॉर्डवर बसून तारकांच्या दिशेने चालली आहे.

खाँसाहेबांनी केले ते बरोबर होते का? मला अजूनही पुरते पटलेले नाही. शिष्यांचे गाणे हे शिष्यांचे. किशोरीताईंनी तर आईची विद्या घेऊन तिला आपले वळण दिले. मूळ आवाज कसा होता, ती तान नेमकी कशी जाई, हे गेले ते गेले. ही हानी कशाने भरून निघत नाही.

माझ्या घरातलीही अशीच एक हानी आहे. पत्नीने पांढऱ्या रश्श्याचे प्रमाण कधी लिहिले नाही. मी विचारायचो तेव्हा ती हाताने दाखवायची, एवढी खसखस, एवढे तीळ. ती गेल्यावर वर्षभर मी केलेला रस्सा घरातले सगळे मुकाट्याने जेवले. कोणी काही म्हटले नाही, त्यावरूनच मला कळायचे. हळूहळू जिभेच्या आठवणीवर थोडाफार जवळ आलो, पण तिचा तो झाला नाही.

म्हणून नातीने वही काढली तेव्हा मी नाही म्हटले नाही. वाट्या, चमचे, मिनिटे, सगळे तिने नीट लिहून घेतले. नारळाच्या दुधापाशी मात्र मी तिला पेन ठेवायला लावले आणि पळी हातात दिली. दूध फाटण्याच्या आधी पातेल्याचा आवाज बदलतो. तो कोणत्या शब्दात लिहायचा, मला सुचेना. ती शेजारी उभी राहिली, वाकून कान दिला, आणि दुसऱ्या खेपेला माझ्या आधी तिनेच आच कमी केली.

गेल्या रविवारचा पांढरा रस्सा तिचा होता. जरा पातळ, मिरी थोडी पुढे. आजीसारखा नव्हता, माझ्यासारखाही नव्हता. सगळ्यांनी दोनदा घेतला. पाने उठल्यावर, मैफल संपवायच्या रीतीप्रमाणे, मी केसरबाईंची भैरवी लावली. साडेतीन मिनिटे कोणी बोलले नाही. सुई कडेला पोचली तेव्हा नातीने आपल्या वाट्याची रेकॉर्ड लावायचे सोडून तीच पुन्हा सुरुवातीपासून लावली.