कै. विष्णुपंत दामले : एक निगर्वी कलावंत

आमच्या स्मरणिकेत बहुधा ज्ञातीतील कर्त्या स्त्री-पुरुषांची चरित्रे येत असतात. तथापि काही माणसे अशी असतात की त्यांच्यावर अवघ्या महाराष्ट्राचाच हक्क पोहोचतो. ‘प्रभात’चे एक संस्थापक कै. विष्णुपंत दामले हे त्यांपैकी एक होत.

विष्णुपंतांचा जन्म 1892 साली पेण येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते कोल्हापुरास आनंदराव व बाबूराव या पेंटर बंधूंच्या सहवासात आले आणि नाटकांचे पडदे रंगविता रंगविता चित्रपटसृष्टीत शिरले. बाबूरावांनी देशी कॅमेरा सिद्ध केला, त्या खटपटीस दामल्यांचाही हातभार होता. हाती ब्रश आणि दृष्टी यंत्राच्या अंतरंगात, असा त्यांचा पिंड होता.

येथेच त्यांना शेख फत्तेलाल हे जिवलग मित्र लाभले. एक हिंदु, एक मुसलमान. परंतु या दोघांची नावे महाराष्ट्राने कधी निरनिराळी उच्चारली नाहीत. 1928 साली दोघांनी मिळून ‘महारथी कर्ण’ दिग्दर्शित केला. पुढे 1929 साली व्ही. शांताराम, धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. 1933 मध्ये ती पुण्यास आली. बोलपट सुरू होताच ध्वनिमुद्रणाची नवी विद्या विष्णुपंतांनी स्वतः आत्मसात केली.

1936 साली दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ प्रकाशित झाला. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. ही कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. पण चित्रपट किती जणांनी पाहिला आहे? थोर म्हणून मान्य झालेल्या कृतींचे हेच दुर्दैव असते. त्यांना नमस्कार सर्व करतात, दर्शन थोडेच घेतात.

तो पाहिला म्हणजे थोरवीचे कारण आपोआप उमगते. पागनिसांचा तुकोबा डोळे मिटून आपल्यातच रमलेला आहे, तर गौरीबाईंची जिजाई चूल, पोरे आणि म्हैस सांभाळीत उभी आहे. पोर आजारी पडताच ती पायताण घेऊन थेट विठोबाच्या देवळात शिरते. त्या संतापाला दिग्दर्शकांनी कोठेही हिणविलेले नाही. तुकोबा वैकुंठास जातात, जिजाई मात्र भूमीवरच राहते. संसाराचा भार कोणी वाहिला, हे न बोलता सांगणारी ही कला आहे. ती नुसत्या स्तुतीने कळत नाही, डोळ्यांनीच कळते.

यानंतर ‘गोपालकृष्ण’, ‘संत ज्ञानेश्वर’ आदी चित्रपट या जोडीने दिले. 5 जुलै 1945 रोजी विष्णुपंत निवर्तले. पुढे प्रभातही बंद पडली, आणि तिच्या जागेवर आज चित्रपटविद्येची राष्ट्रीय संस्था उभी आहे.

त्या पिढीचे कितीतरी मूकपट नष्ट झाले. ‘संत तुकाराम’ सुदैवाने उरला आहे. आता तो घरबसल्या पाहावयास मिळतो. म्हणून आमची ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनंती आहे की, एका सायंकाळी मुलांना जवळ घेऊन तो पाहावा. आरंभी त्याची संथ गती मुलांना जड वाटेल. त्यांना दटावू नये, जिजाई येईपर्यंत थांबावे. पुढचे काम ती करील. आणि श्रेयनामावलीत शेजारी शेजारी असलेली दामले व फत्तेलाल ही नावे मुलांकडून मोठ्याने वाचवून घ्यावीत. ज्ञातीच्या अभिमानाबरोबर हेही संस्कार घरात रुजावेत, अशी आमची इच्छा आहे.