थर्गुड मार्शल : अडवून ठेवलेले न्यायमूर्ती

मेरिट असूनही कुणाला ताटकळत ठेवलं की मला थर्गुड मार्शल आठवतात. जन्म १९०८, अमेरिकेतलं बाल्टिमोर. मेरीलँडच्या लॉ स्कूलमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता, म्हणून हे हॉवर्डला शिकले. पुढे १९३५ मध्ये त्याच मेरीलँडचं दार त्यांनी एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यासाठी कोर्टातून उघडून घेतलं! १९५४ मध्ये शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धचा खटलाही जिंकला. सर्वोच्च न्यायालयात ३२ पैकी २९ खटले खिशात!

सप्टेंबर १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयासाठी त्यांचं नाव सुचवलं. पण दक्षिणेकडच्या सिनेटरांनी मंजुरी जवळजवळ वर्षभर अडकवली. तोवर ते तात्पुरत्या नेमणुकीवर काम करत राहिले. न्यूयॉर्कचे दोन्ही सिनेटर, जॅविट्स आणि कीटिंग, केनेडींच्या विरोधी पक्षाचे. तरीही ते मार्शल यांच्या पाठीशी उभे राहिले. मला हेच फार मोठं वाटतं. अखेर ११ सप्टेंबर १९६२ रोजी ५४ विरुद्ध १६ मतांनी मंजुरी मिळाली.

१९६७ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. १९९३ मध्ये वारले.

लायक माणूस आपल्या ग्रुपमधला नसला, तरी त्याच्यासाठी हात वर करायला हिंमत लागते. मग ती सिनेट असो, नाहीतर आपली मेस कमिटी!