श्रमाचे मोल : कर्मवीर भाऊराव पाटील

भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका जैन कुटुंबात झाला. कोल्हापुरात शिकत असताना राजर्षी शाहू महाराजांच्या कार्याचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. त्यांचे स्वतःचे शिक्षण मात्र मॅट्रिकपर्यंतही पूर्ण झाले नाही. पुढे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांच्या प्रचारासाठी ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्यांची हुशार मुले केवळ दारिद्र्यामुळे अक्षरापासून दूर राहतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्या अस्वस्थतेतूनच १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेचा जन्म झाला.

१९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करीत आणि एकाच पंक्तीत जेवत. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. खर्चाची ओढाताण नित्याचीच होती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या अन्नासाठी आपले दागिने मोडले. अखेर मंगळसूत्रही दिले.

गरीब विद्यार्थ्याला केवळ दान दिले, तर तो मिंधा होतो, अशी भाऊरावांची धारणा होती. म्हणून त्यांनी श्रमालाच शिक्षणाचे शुल्क मानले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले आणि 'कमवा आणि शिका' ही योजना उच्च शिक्षणातही आली. ज्यांच्या घरून एक पैसाही येणे शक्य नव्हते, असे तरुण दिवसाचे काही तास शेतात व बांधकामावर राबत आणि उरलेल्या वेळात अभ्यास करीत. खोरे धरणाऱ्या हाताला पुस्तक धरण्याचा अधिकार आहे, आणि पुस्तक धरणाऱ्या हाताला खोऱ्याची लाज वाटण्याचे कारण नाही, हा विचार तेथे रोजच्या आचरणात उतरला.

लोकांनी त्यांना 'कर्मवीर' म्हटले. १९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही पदवी दिली आणि भारत सरकारने पद्मभूषण देऊन गौरविले. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.

पुणे विद्यापीठाने पुढे हीच योजना त्यांच्या नावाने स्वीकारली. वटवृक्ष हे रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह आहे. पारंब्या जमिनीत रुजून वृक्षाला आधार देतात, त्याप्रमाणे स्वकष्टाने शिकलेले असंख्य विद्यार्थी पुढे शिक्षक होऊन खेड्यापाड्यांत गेले आणि त्यांनी कर्मवीरांचे कार्य पुढे नेले.