नामदार गोखले
गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ साली कोकणातील कोतळूक या खेड्यात झाला. पुढे पुण्यात अध्यापन करीत त्यांनी देशसेवेचे व्रत घेतले व १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापिला. स्वराज्य सनदशीर मार्गाने, पायरीपायरीने मिळवावे, असे त्यांचे मत होते. लोकमान्य टिळकांना हा मार्ग मंद वाटे. त्यामुळे राष्ट्रीय सभेत मवाळ व जहाल असे दोन पक्ष पडले. १९०७ चे अधिवेशन भंडाऱ्याशेजारच्या नागपुरास व्हावयाचे होते. परंतु वाद विकोपास गेल्याने ते सुरतेस नेले, आणि तेथे सभा दुभंगली.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले. वार्ता कळताच टिळक सिंहगडाहून पुण्यास आले आणि स्मशानात त्यांनी आपल्या प्रतिपक्ष्याच्या देशसेवेचा मुक्तकंठाने गौरव केला. पुढच्याच वर्षी लखनौस दोन्ही पक्ष एकत्र आले. तो दिवस पाहण्यास मात्र गोखले उरले नव्हते.